मालेगावच्या मृतांचा वकील कोण?

कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींशी बोलायची वेळ आली की मी एक प्रश्न हमखास विचारते. सनद मिळाल्यावर काय करणार? उत्तर जवळजवळ पाठच असतं. ‘डिफेन्स, मॅडम. बेगुनाह पोरांना सोडवायचंय.’ कुणी ॲड. शाहिद आझमींचं नाव घेतं, कुणी त्यांच्यावरचा सिनेमा पाहूनच लॉ कॉलेजला आलेलं असतं. ऐकायला बरं वाटतं. मग मी दुसरा प्रश्न टाकते: सरकारी वकील व्हायला कोण तयार आहे? एकही हात वर होत नाही. एका मुलाने तर सरळ विचारलं, ‘म्हणजे आपल्याच पोरांना आत टाकायचं का?’

या उत्तराशी माझं भांडण आहे. ते का, हे सांगण्यासाठी मी मुंबईतल्या एका सरकारी वकिलाची कारकीर्द तुमच्यापुढे ठेवते. नाव रोहिणी सालियन. आपल्यातल्या बहुतेकांना हे नाव २०१५ मधल्या एका बातमीमुळे माहीत आहे. त्या बातमीच्या आधी त्यांनी काय केलं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

सालियन मुंबईच्या मुख्य सरकारी वकील होत्या. जे. जे. रुग्णालयातला गोळीबार, बोरिवलीचं दुहेरी हत्याकांड, हिरे व्यापारी आणि चित्रपटांना पैसा पुरवणारे भरत शहा यांचा खटला, मुलुंडचे बॉम्बस्फोट, असे खटले त्यांनी चालवले. म्हणजे ज्या काळात मुंबईत टोळ्यांच्या विरोधात साक्ष द्यायला माणूस मिळत नव्हता, त्या काळात ही बाई सरकारतर्फे उभी राहत होती.

भरत शहांचा खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. जानेवारी २००१ मध्ये शहांना मकोकाखाली अटक झाली. परदेशात बसलेल्या टोळीप्रमुखाचा पैसा सिनेमात येतो, हा आरोप होता आणि फोनवरच्या संभाषणांच्या टेप होत्या. साक्षीला सिनेमातली मोठी मोठी नावं होती. एकामागून एक तारे कोर्टात आले आणि पोलिसांना दिलेल्या जबाबावरून मागे फिरले. प्रीती झिंटा तेवढी ठाम राहिली. २००३ मध्ये निकाल लागला, तेव्हा टोळीशी कट केल्याचा आरोप शहांवर सिद्ध झाला नाही. पोलिसांपासून माहिती दडवली म्हणून एक वर्षाची शिक्षा झाली, आणि तेवढे दिवस त्यांनी आधीच आत काढले होते. सरकारी वकिलाच्या आयुष्यात असेही निकाल असतात. साक्षीदार फुटला की हातातला खटला वाळूसारखा निसटतो, हे सालियन यांनी मालेगावच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

आता मुलुंडकडे या. १३ मार्च २००३ ला मुलुंडजवळ लोकलमध्ये स्फोट झाला. पोटाखाली खटला चालला. आरोपी मुसलमान होते. सरकारतर्फे सालियन. पुढे २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, मालेगावच्या भिक्कू चौकात मोटरसायकलवरच्या बॉम्बने सहा जणांचा जीव घेतला आणि शंभराच्या आसपास माणसं जखमी झाली. हेमंत करकरे यांच्या एटीएसने तपास केला. आरोपी हिंदू होते. सरकारतर्फे पुन्हा सालियन. वकील तीच, कायदा जवळपास तसाच, आणि काम करायची पद्धतही तीच. पहिल्या खटल्यात ती आपल्याला ‘त्यांची’ वाटली आणि दुसऱ्यात ‘आपली’, याचा दोष तिच्याकडे जात नाही.

मग जून २०१५. सालियन यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’ला मुलाखत दिली. केंद्रात नवं सरकार आल्यानंतर एनआयएचा एक अधिकारी आपल्याला भेटायला आला आणि मालेगावच्या आरोपींबाबत मवाळ राहा, असा निरोप त्याने दिला, असं त्यांनी सांगितलं. फोनवर बोलायला तो तयार नव्हता, म्हणून भेटायला आला. पुढे १२ जूनला त्याच अधिकाऱ्याने, तुम्ही या खटल्यात उभं राहू नये अशी वरची इच्छा आहे, दुसरा वकील येईल, असं कळवलं. एनआयएने हे सगळं नाकारलं. सालियन मागे हटल्या नाहीत. पुढे त्यांनी त्या अधिकाऱ्याचं नाव प्रतिज्ञापत्रावर दिलं. मला त्यांचं त्यावेळचं एक म्हणणं फार आवडतं: मला रीतसर मोकळं करा, म्हणजे मी दुसरे खटले घेऊ शकेन, गरज पडली तर एनआयएच्या विरोधातलेही. अडुसष्टाव्या वर्षी, चाळीस मैलांवर सुद्धा न दिसणाऱ्या ‘वरच्यां’ना असं सांगायला जिगर लागते.

त्यानंतर काय झालं, ते तारखांनीच सांगते. मे २०१६ मध्ये एनआयएने पुरवणी आरोपपत्र दिलं. त्यात मकोका काढून टाकला आणि प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह काही जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. त्याच वर्षी काही साक्षीदारांचे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेले मूळ जबाब दप्तरातून गहाळ असल्याचं समोर आलं. २०१७ च्या डिसेंबरात न्यायालयाने मकोका वगळला, पण ठाकूर यांना मुक्त करायला नकार देऊन यूएपीएखाली खटला चालवायचा आदेश दिला. ३०० हून जास्त साक्षीदार तपासले गेले, त्यातले ३० हून जास्त उलटले. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

हे तत्त्व मला मान्य आहे. सोयीचं असेल तेव्हा मान्य आणि नसेल तेव्हा अमान्य, असं करणाऱ्यांत मला बसायचं नाही. दहाच दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना याच तत्त्वावर सोडलं होतं. मकोकाखालचे कबुलीजबाब तिथे टिकले नाहीत. त्यातल्या पाच जणांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. एक जण निकाल ऐकायलाही उरला नव्हता. म्हणून मालेगाव २००८ च्या आरोपींवरचा मकोका काढला याचं दुःख मी करणार नाही. पोलिसांसमोर घेतलेल्या कबुलीवर माणसाला लटकवायची सोय ज्या कायद्यात आहे, तो कायदा आपल्या पोरांना लावला तर जुलमी आणि दुसऱ्याच्या पोरांना लावला तर न्यायी, असं होत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. आरोपींना वकील होते, चांगले होते, असायलाच हवेत. भिक्कू चौकात मेलेल्या सहा जणांचा वकील कोण होता?

इथे जरा कायदा समजून घ्या, कारण आपल्या वस्त्यांमध्ये हे कुणी समजावून सांगत नाही. फौजदारी खटला फिर्यादीचा नसतो, राज्याचा असतो. ज्याचा भाऊ मेला, त्याने स्वतःचा वकील दिला तरी तो वकील सरकारी वकिलाच्या हाताखाली, त्याच्या सूचनेप्रमाणे, मदतनीस म्हणून काम करतो. साक्षीदार कोणते बोलवायचे, उलटलेल्या साक्षीदाराला कोणते प्रश्न विचारायचे, कोणता कागद पुढे करायचा, हे सरकारी वकील ठरवतो. न्यायालयाच्या परवानगीने खटला मागे घेण्याचा अधिकारही त्यालाच आहे. म्हणजे मेलेल्या माणसाचा आवाज कोर्टात ज्या एका गळ्यातून निघतो, तो गळा सरकारी वकिलाचा. आणि तो पोलिसांचा नोकर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्याच खटल्यात, स्पष्ट केलं की सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही, तो कायद्याने निर्माण केलेला स्वतंत्र अधिकारी आहे. पोलिसांचा अर्ज आला म्हणून टपालासारखा पुढे ढकलायचा नाही, स्वतः वाचून, तपासून निर्णय घ्यायचा.

सालियन यांनी मवाळ व्हायला नकार दिला तेव्हा त्या याच स्वतंत्र अधिकाऱ्याच्या जागेवर उभ्या होत्या. आणि ती जागा किती सहज हलवता येते, तेही त्याच वेळी दिसलं. आपण त्यावर काय केलं? बातमी फॉरवर्ड केली. सरकारी वकिलांच्या नेमणुका कोण करतं, त्यांना काढायचे नियम काय, यावर आपल्या एकाही सभेत तासभर चर्चा झालेली मी तरी ऐकलेली नाही. जलसे मात्र भरपूर झाले.

या पदाचं दुसरं टोकही बघा. उज्ज्वल निकम. जळगावातून सुरुवात करून मुंबईत १९९३ च्या स्फोटांचा खटला त्यांनी चालवला. २५७ माणसं मेली होती, १०० आरोपी दोषी ठरले. २६/११ चा खटला त्यांचाच. त्यांची मेहनत आणि कायद्यावरची पकड मी नाकारत नाही, आणि कसाबला झालेल्या शिक्षेबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. त्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनीच नकार दिला होता, हे विसरू नका.

पण मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकम यांनीच सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. रक्षाबंधनाच्या दिवशी कोर्टात त्याचे डोळे पाणावल्याची चर्चा माध्यमांत सुरू झाली, त्याच्याबद्दल भावनिक वातावरण तयार होतंय असं वाटलं, ते मोडायला आपण ही गोष्ट रचली, असं ते म्हणाले. ज्याच्याविरुद्ध एके-४७ हातात घेतलेला फोटो आहे, सीसीटीव्ही आहे, जिवंत साक्षीदार आहेत, त्याच्याविरुद्ध रचलेल्या गोष्टीची गरज का पडावी? खटल्याला त्या बिर्याणीची काहीच गरज नव्हती. तिचा धनी दुसराच झाला. ‘बिर्याणी खिलाते हैं’ हा टोमणा त्यानंतर कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, निवडणुकीच्या भाषणात कुणाला ऐकावा लागला, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सरकारी वकिलाच्या तोंडून निघालेलं वाक्य राज्याचं वाक्य समजलं जातं, म्हणून त्याने कॅमेऱ्यासमोर जपून बोलायचं असतं.

त्याच खटल्यातली दुसरी गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असते, पण अर्धीच. दोन भारतीय आरोपींना विशेष न्यायालयाने २०१० मध्ये निर्दोष सोडलं. त्यांतल्या एकाचे वकील शाहिद आझमी. निकालाआधी अडीच-तीन महिने, फेब्रुवारीत, कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. राज्य त्या सुटकेविरुद्ध अपिलात गेलं, उच्च न्यायालयात हरलं, मग सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्येही हरलं. डिफेन्सचं मोठेपण यात आहेच. पण ज्या आरोपपत्रात हे दोघे होते, ते दाखल होण्याआधी कुणीतरी सरकारी वकिलाने ‘यांच्याविरुद्ध पुरावा कुठाय?’ असं खणखणीत विचारलं असतं, तर? आझमींनी जे काम जिवावर उदार होऊन केलं, ते काम खरं तर टेबलाच्या त्या बाजूलाच व्हायला हवं होतं.

निकम २०२४ ला उत्तर मध्य मुंबईतून भाजपचे उमेदवार झाले, वर्षा गायकवाड यांच्याकडून १६,५१४ मतांनी हरले आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले. तो त्यांचा हक्क आहे. मला खुपतं ते हे की एका कारकिर्दीच्या शेवटी राज्यसभा आहे आणि दुसरीच्या शेवटी ‘दुसरा वकील येईल’ हा निरोप. तरुण सरकारी वकील हे दोन्ही बघत असतो. त्याला कुणी भाषण द्यावं लागत नाही.

सरकारी वकिलाने काय फरक पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी बेस्ट बेकरीचा खटला वाचावा. १ मार्च २००२ ला वडोदऱ्यात चौदा माणसं मारली गेली. जून २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सगळे २१ आरोपी सोडले. साक्षीदार उलटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो निकाल रद्द केला आणि सरकारी वकील आरोपींच्याच वकिलासारखा वागल्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. खटला मुंबईत नव्याने चालला, मंजुळा राव सरकारतर्फे उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पुढे अपिलात त्यातल्या पाच जणांची सुटका झाली, चौघांची शिक्षा टिकली. घटना तीच, मेलेली माणसं तीच. कोर्ट आणि सरकारी वकील बदलले. बिल्किस बानोच्या प्रकरणातही खटला मुंबईत आल्यावर २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. दोन्ही वेळा पीडितांना जे मिळालं, ते डिफेन्सकडून मिळालं नाही. ते सरकारी पक्षाकडून मिळालं.

आणि मुंबईत काय मिळालं नाही, तेही आठवा. ९२-९३ च्या दंगलीत ९०० माणसं गेल्याची नोंद न्या. श्रीकृष्ण आयोगाने केली, त्यातली ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. स्फोटांसाठी विशेष न्यायालय, विशेष सरकारी वकील, वर्षानुवर्षं रोजची सुनावणी. दंगलीच्या हजाराहून जास्त फायली ‘आरोपी सापडत नाहीत’ म्हणून पोलिसांनी बंद केल्या. स्फोटांचा खटला तसा चालवला हे बरोबरच केलं. पण राज्याने आपला सर्वांत चांगला वकील कोणत्या मृतांकडे पाठवायचा हे ठरवलं, आणि ते ठरवताना आपल्यातलं कुणीही त्या खोलीत नव्हतं.

२०२५ च्या जुलैतही तेच. लोकल स्फोटांच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात धावलं, आणि २४ तारखेला, म्हणजे निकालापासून तिसऱ्या दिवशी, तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेशही मिळाला. मालेगावच्या निकालाविरुद्ध सप्टेंबरात उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला तो मृतांच्या नातेवाइकांनी. तपास एनआयएचा, अपिलाचा निर्णय केंद्राचा, हे मला माहीत आहे. ‘एजन्सी वेगळी’ हे उत्तर कागदावर बरोबर आहे. ते मालेगावला जाऊन कुणी समजावून सांगणार असेल तर मी सोबत यायला तयार आहे.

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे. आपल्याच पोरांना आत टाकायचं का?

बाळा, तुझ्या मोहल्ल्यातल्या मुलीची छेड काढणारा, तुझ्या अब्बांचा भिशीचा पैसा घेऊन पळणारा, झुंडीने ट्रकचालकाला मारणारा, हे सगळे ज्याने कोर्टात उभे करायचे तो सरकारी वकील. आपल्या वस्तीत गुन्ह्याचे बळी नाहीत का? रोज आहेत. त्यांच्या खटल्यात कोण उभं राहतं, कसं उभं राहतं, फिर्यादी बाईला धड मराठी बोलता येत नाही म्हणून तिच्यावर खेकसतं की तिच्याकडून नीट साक्ष काढून घेतं, याने निकाल ठरतो.

आणि ज्या पोरांची तुला काळजी आहे, त्यांचंही ऐक. मी रिमांड कोर्टात बसते. रात्री उचललेला पोरगा सकाळी आणतात. पोलीस चौदा दिवसांची कोठडी मागतात. सरकारी वकील अर्ज वर करतो, वाचतो, बसतो. एकदा, फक्त एकदा, मी एका तरुण सहायक सरकारी अभियोक्त्याला तपास अधिकाऱ्याकडे वळून हळूच विचारताना ऐकलं, ‘साहेब, जप्ती झालीय, मोबाइल तुमच्याकडे आहे, मग कोठडी कशाला?’ अधिकारी गडबडला. दोन दिवस मिळाले. माझं भाषण व्हायच्या आधीच माझं निम्मं काम त्या माणसाने केलं होतं, आणि त्याच्या नोकरीचं काहीही बिघडलं नाही.

सहायक सरकारी अभियोक्ता हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरलं जातं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सरकारतर्फे हेच उभे राहतात. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका वेगळ्या: जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून यादी करतात आणि सरकार त्यातून निवडतं. किमान सात वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलाला दहा. ही यादी कधी बनते, तिच्यात कोण आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, सोलापूर, नांदेड, औरंगाबाद, कुठूनही विचारा. नगरसेवकाच्या तिकिटासाठी जेवढी धावपळ आपले लोक करतात, तिच्या शंभराव्या हिश्शात हे होतं.

‘आपल्याला घेतील का?’ हा पुढचा प्रश्न असतो. कदाचित मुलाखतीत मार्क कमी पडतील. कदाचित नेमणूक गैरसोयीच्या तालुक्यात होईल. नोकरीत तुमच्याकडे दोन्ही बाजू संशयाने बघतील. पोलिसांना वाटेल हा त्यांचा, मोहल्ल्याला वाटेल ही सरकारची. हे होणार, मी खोटं सांगत नाही. पण अर्जच भरले नाहीत तर नकार देण्याचे कष्टही कुणाला पडत नाहीत. पुढची जाहिरात येईल तेव्हा कायदा, पुरावा आणि नवी न्याय संहिता पाठ असलेले आपले किती उमेदवार तयार आहेत, ते मला कळवा. अभ्यासगट काढणार असाल तर शनिवारची संध्याकाळ मी मोकळी ठेवते. पुस्तकं माझ्याकडे आहेत. नोट्स मात्र स्वतः काढायच्या.